दाबून लिहिलेलं आडनाव

"खोडरबर हाय ना तुज्याकडं? मग खोड की."

दादा असं म्हणाले तेव्हा मी पिंपळवंडीत त्यांच्या नव्या मंगल कार्यालयाच्या स्टेजखाली उभा होतो. हातात पेन्सिलीनं काढलेला सिनेमातला मोठा नट. अंगात नवा शर्ट. खुर्च्या मांडणारी पंधरा-वीस माणसं ऐकत होती.

दादा म्हणजे आमच्या भागातले मोठे बागायतदार. मी पाट्या रंगवणारा. टेम्पोचे नंबर, दुकानांचे बोर्ड. निम्मी कामं दादांच्याच ओळखीची. आणि नाद एकच, नटांचे, खेळाडूंचे चेहरे पेन्सिलीनं हुबेहूब काढायचे. कार्यालयाच्या उद्घाटनाला संध्याकाळी तो नट येणार होता. दादा म्हणाले होते, "तुज्या हातचं चित्र देऊ त्याला." मी दीड महिना बसलो. फुकट. चौकोन आखून, केस न् केस. दाढीचा एकेक खुंट. बायको म्हणायची, "माज्याकडं कदी एवढं टक लावून बघितलं न्हाई." तिचं खरं होतं. स्टेजवर जाऊन मी ते स्वतः त्याच्या हातात देणार, एवढीच माझी हाव.

दादांनी चित्र पाहिलं. "लई भारी! आता बोलंल बग हा." मग नजर खाली कोपऱ्यात गेली. माझी सही. नाव आणि आडनाव.

"आडनाव कशाला घातलं? पावणे वाचत्यात. उगा इचारायला नको. नुसतं नाव ऱ्हाऊ दे. आन् स्टेजवर आमचा भाचा दील."

आमचं आडनाव वाचलं की इकडं माणसाला आमची वस्ती कळते.

मी खोडलं.

लाज त्याचीच जास्त वाटते. कुणी हात धरला नव्हता. मीच खिशातून रबर काढलं. कागदाला डाग पडू नये म्हणून हळूहळू खोडलं, कारागीर ना मी! चुरा फुंकला. वर म्हणालो, "झालं, दादा."

चित्र तिथंच ठेवून घरी आलो. आई शेंगा फोडत होती. बायकोनं शर्टाकडं पाहून विचारलं, "सांच्याला देनार न्हवं हिरोला?" मी सांगितलं. हसत सांगितलं. माझी खोड आहे ती, झोंबलं की हसायचं.

ती हसली नाही. "आडनाव खोडलं? मग लग्नात मी कुणाचं घेतलं व्हतं? खोडल्यालं?"

आई मान वर न करता म्हणाली, "तुज्या आज्यानं धम्म घेतला तवा घरातलं देव बाहीर ठिवलं. लोक म्हनले, आडनाव बी बदल. त्यो म्हनला, ह्यात लपवायचं काय?"

जेवण गेलं नाही. ओट्यावर बसलो, उठलो. पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आलो. पाटी रंगवायला घेतली आणि 'किराणा'मधला काना विसरलो. दुकानदारानं पाहिलं असतं तर मलाच सोलून काढलं असतं. बोटांना रबराचा वास येत होता. दोनदा साबण लावला. जाईना.

मग एकदम आठवलं. शाळेत चित्रकलेचे मास्तर माझ्यावर ओरडायचे, "पेन्सिल धरतोस का पहार?" माझा हात जड. चेहरा काढताना तो आवरतो, सही करताना आवरत नाही. शिसं खोडता येतं. कागदात उठलेला वळ खोडता येत नाही.

फ्रेमवाला चारला कार्यालयावर येणार होता. मी साडेतीनला पोचलो. खिशात सिक्स-बी, माझ्याकडची सगळ्यात मऊ आणि काळी पेन्सिल. चित्र स्टेजजवळच्या टेबलावर होतं. पेन्सिल आडवी धरली आणि कोपऱ्यावरून फिरवत गेलो. हलक्या हातानं. कागद काळा होत गेला आणि आडनाव वर आलं. पांढरं. एकेक अक्षर. पहिल्यापेक्षा ठळक.

"काय केलं रं हे?" दादा मागंच उभे होते.

"मी खोडलं व्हतं, दादा. कागदानं ठिवलं."

"नाटकं करू नको. खोड ते."

मी पेन्सिल खिशात घातली. "न्हाई खोडत."

"मग उचल तुजं चित्र! आन् परत पाटीचं काम मागायला येऊ नको."

उचललं. खुर्च्यांच्या मधून चालत बाहेर आलो. त्याच माणसांसमोरून. मागं दादा भाच्याला चित्राच्या बदली शाल आणायला पिटाळत होते. नटाला काही फरक पडला नसेल. त्याला माझं चित्र होतं हेही ठाऊक नाही.

दादांच्या ओळखीची कामं बंद झाली. आता पाट्यांसाठी लांब मढ गावापर्यंत फटफटी हाणतो. कंबर धरते. तो नट आमच्या भिंतीवर आहे. बायको म्हणते, फुकटचा पावणा.

चेहरे अजून काढतो. फक्त पद्धत बदलली. आधी चौकोन आखायचो, मग डोळे, सही शेवटी. आता कोऱ्या कागदावर पहिल्यांदा आडनाव लिहितो. दाबून, पालथ्या बाजूला बोटाला लागेल इतकं. चित्र मागणाऱ्याला ते चालत असेल तर पुढं चेहरा काढतो. नसेल, तर कागद कोराच राहील.