शिक्केबाईंची एक तारीख

आमच्या ऑफिसात कागद आत येतो तो शिक्केबाईंच्या हातून आणि बाहेर जातो तोही त्यांच्याच हातून. आवक-जावकचं टेबल. ते दाराशीच आहे, त्यामुळे टॉयलेट कुठे आणि साहेब जागेवर आहेत का, हेही लोक त्यांनाच विचारतात. एकवीस वर्षं त्या त्याच टेबलाला आहेत. खुर्ची तीनदा बदलली, बाई होत्या तशाच राहिल्या. मी टायपिस्ट. म्हणजे टाइपराइटर केव्हाच भंगारात गेला, आता कॉम्प्युटर आहे, पण मला सगळे टायपिस्टच म्हणतात. माझ्या आणि बाईंच्या टेबलामध्ये एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या कडेने मला बाईंचा उजवा हात, शिक्का आणि भिंतीवरचं घड्याळ एवढंच दिसतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. वर्षभर मी या बाईंवर खार खाऊन होतो. तेव्हा मी जे सांगेन त्यातलं थोडं वजा करूनच ऐका.

बाई कागद उलटा वाचतात. म्हणजे आधी शेवटचं पान, सही आहे का बघायला. सही नसेल तर कागद परत. समोरचा कितीही तावातावाने बोलला तरी बाई फक्त दोरीला बांधलेलं पेन त्याच्याकडे सरकवतात. एकदा साहेबांचाच रजेचा अर्ज असा परत गेला होता. साहेबांच्या रागाचा पारा चढला, पण सही करावीच लागली. बाहेरच्या लोकांचे कागद आधी, ऑफिसातल्यांचे नंतर, स्वतःचा सगळ्यांत शेवटी, हाही बाईंचाच कायदा. का, विचारलं तर म्हणतात की आपण पंख्याखाली बसलेले असतो.

आणि तो शिक्का. तारखेचा शिक्का बाकीच्या ऑफिसांत सकाळी आल्यावर फिरवतात. आमच्याकडे संध्याकाळी. घड्याळात पाच वाजले की बाई अंगठ्याच्या नखाने तारीख पुढे सरकवतात. पाचनंतर आलेला कागद उद्याचा. सरकवलेली तारीख मागेही आणता येते, त्याच नखाने, दोन सेकंदांत. पण ती मागे आलेली कुणी पाहिली नाही.

गेल्या वर्षी बदल्यांच्या अर्जांची मुदत तीस तारखेला संपत होती. माझे वडील गावी आजारी होते आणि तिथल्या शाखेत एक जागा होती. डॉक्टरांचा दाखला घेऊन मी गावाहून परत आलो, धापा टाकत जिना चढलो, तर पाच वाजून सहा मिनिटं झालेली. मी बाईंच्या हातापाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. बाईंनी शेवटचं पान पाहिलं, सही पाहिली आणि शिक्का मारला. एक तारखेचा. मुदतीनंतरचा अर्ज मुख्य ऑफिसात उघडतसुद्धा नाहीत, वेगळ्या गठ्ठ्यात बांधून ठेवतात. चार महिन्यांनी वडील गेले. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तो शिक्का बसला त्या दिवसापासूनच मी बाईंशी बोलणं टाकलं होतं. कामापुरतंही नाही. आणि वचपा काढायला एक बारीकशी युक्ती शोधली. बाहेर पाठवायची पत्रं माझ्याकडे टाइप होतात. सकाळी अकराच्या आत ती छापून, लिफाफ्यात घालून तयार असतात. ती मी खणात दाबून ठेवायचो आणि पाचला वीस मिनिटं कमी असताना सगळा गठ्ठा बाईंच्या टेबलावर आदळायचो. आजचं टपाल आजच नोंदवायचं, हा नियम त्यांचाच. मग बाई मान खाली घालून एकेका लिफाफ्याला नंबर देत बसायच्या. त्यांची साडेपाचची बस चुकायची, पुढची सव्वासहाला. मी वेळेवर घरी जायचो. हे मी वर्षभर केलं. सांगताना काही फार बरं वाटत नाही, पण केलं.

बाईंच्या घरची हकिकत मला तेव्हा माहीत नव्हती. यजमान शिंपी होते. दोन-तीन वर्षांत त्यांची नजर पार गेली. मूलबाळ नाही. बाई सकाळी आठला घर सोडतात ते रात्रीच्या जेवणाच्या वेळेलाच परत, दीड तास जायला, दीड तास यायला. दिवसभर तो माणूस घरात एकटा. मागच्या महिन्यात डब्यातलं गरम करायला गेला आणि मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. बाईंच्या घराजवळ आमची एक शाखा आहे, चालत दहा मिनिटं. यंदा तिथे जागा निघाली होती. तिथे बदली झाली असती तर दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन त्यांना वाढता आलं असतं. एकवीस वर्षांत बाईंनी पहिल्यांदाच बदली मागायचं ठरवलं. डॉक्टरांचा दाखला मात्र त्यांच्याही हातात पडला तो शेवटच्याच दिवशी, तीस तारखेला, दुपारी.

हे सगळं मला नंतर कळलं. तीस तारखेला माझी नजर रोजच्यासारखीच घड्याळावर होती. बाहेर रांग जिन्यापर्यंत. एक म्हातारे गृहस्थ चष्मा विसरून आलेले, त्यांचा फॉर्म बाईंनी वाचून दाखवून भरून घेतला. पाचला वीस कमी असताना रांग संपली. बाईंनी रजिस्टरखालून एक कागद अर्धा बाहेर काढला. मी नेमका तेव्हाच उठलो आणि चौतीस लिफाफे त्या कागदावर नेऊन ठेवले. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वरचा लिफाफा उचलला.

चौतीस लिफाफे, चौतीस नंबर. शेवटचा झाला तेव्हा पाच वाजत होते. बाईंचा अंगठा शिक्क्यावर गेला आणि तारीख सरकली. सवयच ती. मग त्यांनी तो कागद ओढून घेतला, शेवटचं पान उलटलं, सही पाहिली आणि हात तसाच थांबला. कपाटाच्या कडेने मला तो हात दिसत होता. तीस तारखेला बाईंचा स्वतःचा कागद म्हणजे बदलीचाच अर्ज, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मला वाटलं, आता नख फिरेल. कोण बघतंय? मी एकटाच, आणि मी तर बोलतही नव्हतो. शिक्का खाली आला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं. बदलीच्या अर्जांची यादी मुख्य ऑफिसला पाठवायची होती, अर्जदाराचं नाव आणि अर्ज आल्याची तारीख. साहेबांनी बाईंचा अर्ज पुढे केला आणि कपाळाला हात लावला. घरची परिस्थिती त्यांनीच मला सांगितली. म्हणाले, तुम्ही यादीत तीस टाका, शिक्का तसाही पुसट आलाय. तो पुसट वगैरे काही नव्हता. चांगला ठसठशीत होता.

मी तीस टाकलं. खोटं कशाला बोलू, टाकताना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. साहेबांनी सही केली. यादी जावक नंबरासाठी बाईंकडे गेली आणि दहा मिनिटांत माझ्या टेबलावर परत आली. बाईंच्या नावापुढचं तीस लाल पेनाने खोडलेलं, वर एक लिहिलेलं, बाजूला त्यांची छोटी सही.

माझा तिळपापड झाला. वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांच्या टेबलाशी जाऊन तोंड उघडलं. म्हणालो की साहेबांनीच सांगितलंय, सही झालीय, आता तुमचं काय अडलंय? बाई रजिस्टरात रेघा आखत होत्या. म्हणाल्या, सही त्यांची असली तरी नंबर मला द्यायचा असतो. तुझा अर्ज सहा मिनिटांनी आला होता, माझा पाचवर. उशीर तो उशीर.

मग मला राहवेना.

"बाई, कालचे लिफाफे सकाळी अकरालाच तयार होते."

"माहीत आहे."

"रोजच असतात."

"माहीत आहे रे. अकराला तुझा प्रिंटर थांबतो. तो मला इथे ऐकू येतो."

"मग वर्षभर बोलला का नाहीत?"

बाईंनी पट्टी बाजूला ठेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्यांच्याकडे नीट पाहत होतो, कपाट मध्ये नव्हतं. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तुझे वडील गेले ना," त्या म्हणाल्या. "शिक्का मी मारला होता. म्हटलं, एवढं तरी मी घ्यायला हवं."

मला लाज वाटली. इतकी, की तिथे उभं राहवेना. दारात दोघे-तिघे कागद घेऊन येऊन थांबले होते आणि बाईंनी पहिल्याचं शेवटचं पान उलटलं होतं.

मी जागेवर येऊन यादी उघडली. तीस पुसून एक टाकायला कितीसा वेळ लागतो? मला पाऊण तास लागला. मग मी साहेबांकडून दुसरी सही घेतली आणि यादी बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, आपल्या नावाशी थांबल्या नाहीत, आणि तिला नंबर दिला.