सहा बाजूंचे शेजारी

माझ्या लहानपणी आमचं घर आठ महिने घोड्याच्या पाठीवर असायचं. दिवाळी झाली की पिंपरी पेंढारहून मेंढरं निघायची, त्यांच्यामागे आम्ही. भांडी, घोंगड्या, कोंबड्या आणि चालता न येणारं पोर, एवढा संसार एका घोड्यावर मावायचा. ज्याच्या वावरात मेंढरं बसतील तो आमचा मुक्काम. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी बाजरी द्यायचा. कधी ऐनवेळी नको म्हणायचा, मग उपाशीपोटी पुढचं वावर शोधायचं. वडील लवकर गेले. मला चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी वाढवलं. जुन्नरला आत्याकडे ठेवून शाळेत घातलं तेही त्यांनीच. "एक तरी मानूस एका जागी ऱ्हाऊ द्या," एवढंच कारण त्यांनी भावकीला दिलं.

तात्यांचा एक नेम होता. मालकाने स्वतः बोलावलं तरी ते मेंढरं थेट वावरात घालत नसत. आधी बांधाला बांध लागलेल्या चारी शेतकऱ्यांकडे जायचे, उद्या तुमच्या शेजारी बसतोय, काही हरकत नाही ना, असं विचारून यायचे. मेंढरू बांध ओळखत नाही, हे त्यामागचं कारण. "मालक जागा देतो, पर ऱ्हाऊ शेजारी देतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी बीकॉम झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, हे मी कोणी न विचारता सांगतो. भोसरीत एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली, लग्न झालं, आणि हा पदवीधर अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याच्या खोल्या बदलत राहिला. घोड्याऐवजी टेम्पो आला, एवढीच प्रगती. एकदा आमचं सामान टेम्पोतून उतरताना बघून तात्या म्हणाले, "काय बीकॉम, आमी निदान पावसाळ्यात तरी घरी ऱ्हायचो."

टोमणा बसला. त्यात मुलगी जूनमध्ये पहिलीत जायची होती. माझ्या बायकोने, मंदाने, सांगून टाकलं की दर वर्षी मुलीसाठी नवी शाळा शोधत आपण फिरणार नाही; शाळा सुरू व्हायच्या आत स्वतःचं घर हवं.

भोसरीच्या जुन्या भागात, गल्लीत गल्ली अडकलेल्या वस्तीत, एक फ्लॅट सापडला. एक खोली, स्वयंपाकघर, दुसरा मजला. इमारत जुनी, आणि शेजारच्या इमारतीला इतकी चिकटलेली की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आपण मोजायच्या. पण सकाळी ऊन येत होतं. मालक निवृत्त होऊन मुलाकडे नाशिकला निघाले होते. रविवारी विसाराची आगाऊ रक्कम द्यायचं ठरलं, आणि सोबत वडीलधारं माणूस हवं म्हणून मी तात्यांना बोलावलं. ही अक्कल माझीच.

तात्या शनिवारीच आले. डोक्याला पटका, पिशवीत बाजरीचं पीठ. फ्लॅट बघितला, भिंतीवर थाप मारली आणि शेजारी कोण कोण ते विचारलं. मी म्हणालो, तात्या, फ्लॅटला बांध नसतो. ते म्हणाले, असतो, आणि सहा बाजूंनी असतो. वर-खालीबी माणसंच ऱ्हातात की. मला वाटलं, जाऊ देत, चहा पिऊन येतील.

चहा प्यायलेच ते, सगळीकडे. भिंतीला भिंत असलेल्या भालेरावांकडे तर दोनदा. आणि तिथे गावची रीत पाळून म्हणाले, "भाऊ, ही जागा आमी घेतोय. पर तुमचा बांध लागून हाय, पयला हक्क तुमचा. तुमाला नगं असंल तरच आमी घेऊ."

भालेराव कित्येक वर्षं त्या भिंतीला टेकून टीव्ही बघत होते. पलीकडची खोली आपली होऊ शकते, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्यांची मुलं मोठी होत होती. रविवारी आम्ही विसार घेऊन गेलो, तर मालक म्हणाले, शेजाऱ्यांनी सकाळीच दिला.

मंदा तात्यांशी बोलेनाशी झाली. मी मात्र बोललो. हे शहर आहे, इथे विचारत बसणारा मागे राहतो, असं बरंच काही. तात्या तंबाखू मळत ऐकत होते. मग म्हणाले, "न इचारता घेतली असती, अन् त्याला मागनं सुचलं असतं, तर त्यो जलमभर त्या भिंतीपल्याडनं आपल्यावर जळत बसला असता."

मी म्हणालो, "बसू दे की. आपण घरात बसलो असतो."

त्यांनी मळलेली तंबाखू गालात सारली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते गावी गेले.

पंधरवड्याने भालेराव आमच्या खोलीवर आले, ओशाळे होऊन. म्हणाले, तुमच्या तात्यांनी विचारलं नसतं तर मला सुचलंच नसतं. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. त्यांच्या मेव्हण्याचा फ्लॅट मागच्याच गल्लीत विकायचा होता, अजून एजंटाच्या कानावर गेला नव्हता. आधीच्यापेक्षा लहान, आधीच्यापेक्षा जुना, आणि उन्हाचं नाव नाही. मी दात आवळून आभार मानले.

या वेळी तात्यांना विसार झाल्यावरच कळवायचं, असं मंदाने बजावलं. पण तात्यांना डावलून घर घेणं मलाच जमेना. ते आले आणि सरळ जिना उतरून खालच्या घरात गेले. तिथल्या म्हातारबांना जागा नको होती. फक्त आपल्या डोक्यावर कुटणं नको, एवढी त्यांची अट. तात्यांनी आमच्या वतीने शब्द देऊन टाकला, घर आमचं व्हायच्या आधीच. अजूनही मंदा मसाला कुटायला खलबत्ता घेऊन गच्चीवर जाते, आणि प्रत्येक पायरीला तात्यांचा उद्धार करते.

तात्यांनी मात्र गावात हे प्रकरण शेवटपर्यंत स्वतःचा विजय म्हणून सांगितलं. "इचारलं म्हणून एक गेलं, इचारलं म्हणूनच दुसरं आलं." मधलं ऊन तेवढं ते गाळायचे.

पुढे काही वर्षांनी तात्या गेले. दहाव्याला भालेराव सहकुटुंब पिंपरी पेंढारला आले होते. आमची जागा घेणारा माणूस आमच्या भावकीत बसून डोळे पुसत होता, आणि मंदा त्यांच्या बायकोला पाणी देत होती.

आमची मुलगी त्या बिनउन्हाच्या घरातून पहिलीला गेली आणि त्याच घरातून दहावी पास झाली. मधे तिला एकदाही शाळा बदलावी लागली नाही.