वर्दी देणाऱ्याचं नाव

आडनाव सांगेपर्यंत मी ‘मॅडम’ होते. सांगितलं आणि ‘बाई’ झाले.

ठाणे तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकुनासमोर एक खुर्ची रिकामी होती. ती त्यानं पायानं टेबलाखाली सरकवली. म्हणाला, “रजिस्टर जुनं आहे. खाली बसूनच बघा.”

बसले. गरज माझी होती. मुलीला नर्सिंगला सीट लागलेली आणि महिन्याच्या आत जातपडताळणी हवी होती. तिला मी एकटीनंच वाढवलेली, म्हणून जात माझ्या बाजूनं लागणार; त्यासाठी माझ्या वडिलांचा आजा, बुधाजी सोन्या, महार होता याचा कागद पाहिजे. जी जात गावानं चार पिढ्या विसरू दिली नाही, तिचाच आता पुरावा मागतात.

गाव कोलशेतच्या पुढे, खाडीकडे. तिथल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या रजिस्टरात मेलेल्याची जात लिहीत, म्हणून मी पणज्याचं मरण शोधत होते. रजा टाकून, तीन दिवस. पाटील मेलेला सापडला, त्याची सून सापडली, कुणाचं दोन दिवसांचं पोर सापडलं. बुधाजी नाही.

तिसऱ्या दिवशी कारकून डबा खाता खाता म्हणाला, “तुमच्यात कोण नोंदी ठेवत होतं, बाई? पुरायचं आणि विसरायचं. ओपनमधून भरा ना फॉर्म. कमावताय की आता.”

शिपाई हसला. मीही हसले. काम अडू नये म्हणून हसले. त्या हसण्याची लाज अजून वाटते.

संध्याकाळी कोपरीला आत्याकडे गेले. ती म्हणाली, “अगं, मेलेल्यांच्या वर्द्या तोच न्यायचा. कुनी पन मेला का पयला तुझा पणजा धावायचा सांगायला. ओट्याखाली उभा राहून ओरडायचा. वर चढू द्यायचे नाय.”

मी विठ्ठलवाडीला दवाखान्यात कामाला आहे. मृत्यूचे फॉर्म मीच भरते. त्यात एक रकाना असतो, माहिती देणाऱ्याचा. तीन दिवस तो रकाना मी बघितलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मेलेल्यांची नावं सोडून दिली. शेवटचा रकाना धरला, मेल्याची खबर देणाऱ्याचा. वर्दी देणार, बुधाजी सोन्या. पुढे अंगठा. पान उलटलं. बुधाजी सोन्या. पटकीच्या साथीत एकाच पानावर अकरा वेळा. मला रडू फुटलं, तिथंच, फरशीवर.

मग एका पानानंतर अंगठा नाही. दुसऱ्याच कुणाचं नाव सुरू. म्हणजे तिथं कुठंतरी तो मेला. अख्ख्या गावाची वर्दी दिली त्यानं. त्याची द्यायला कुणी गेलं नाही.

कारकुनानं पानं बघितली. “जात मेलेल्याची लिहितात. वर्दी देणाऱ्याची नाही. हा महारच होता कशावरून?”

ओट्याखाली दुसऱ्या कुणाला उभं केलं असतं गावानं? कारकुनालाही ते चांगलं ठाऊक होतं.

मी उठले. टेबलाखालची खुर्ची ओढली आणि बसले. म्हटलं, “हे लिहून द्या. सही-शिक्क्यानं.”

“तशी पद्धत नाही.”

“मग मी उठत नाही.”

पाच वाजता कागद मिळाला. एकच ओळ. ‘सदर इसमाच्या मृत्यूची नोंद आढळून येत नाही.’

सीट गेली. मुलगी फाईल माळ्यावर टाकून आली.

नंतर मी गावच्या मसणवटीत गेले. आमच्या बाजूला दगड आहेत, नाव एकावरही नाही. लिहिता कुणाला येत होतं? अर्धी जागा टॉवरच्या भिंतीत गेली. वॉचमन म्हणाला, “मॅडम, इधर रुकने का नहीं.” बुधाजी दगडाखाली आहे की भिंतीखाली, ते कधीच कळणार नाही. कागद मिळेल ही आशाही मी सोडली आहे.

पण दगड मी कोरून घेणार आहे. त्यावर बुधाजी सोन्या. मेल्याची तारीख माहीत नाही, तेही कोरायचं. त्याखाली वर्दी देणार म्हणून माझं पूर्ण नाव, आणि नावापुढे माझी जात. वर्दी देणाऱ्याची जात लिहीत नाहीत म्हणे. मी लिहिणार.