मस्कतमधला डेकलन आणि त्याच्या गावची फायनल

ओमानला गेलो ते किल्ले बघायला. मावसभाऊ संतोष मस्कतला दार्सैतमध्ये राहतो, एका शाळेत एसीची कामं बघतो. दहा वर्षं ‘ये रे’ म्हणत होता, शेवटी ऑक्टोबरात गेलो. तेव्हा ऊन बरंच उतरलेलं असतं, जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

पहिल्याच शुक्रवारी संध्याकाळी त्याने मला किल्ल्याऐवजी अल हैलच्या एका मैदानावर नेलं. त्याच्या शाळेतले आयरिश खेळशिक्षक डेकलन तिथे गेलिक फुटबॉल खेळत होते. चेंडू हातात घेऊन पळायचं, चार पावलांत आपटायचा नाहीतर पायाने उडवून पुन्हा झेलायचा. गोलच्या आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर तीन. पंधरा मिनिटं काही कळलं नाही, नंतर जागेवर बसवेना.

यात पगार किती, हे संतोषने त्यांना ओळख झाली त्याच दिवशी विचारलं होतं. काहीच नाही! भरल्या स्टेडियममध्ये खेळणारेही सोमवारी आपापल्या नोकरीवर जातात. आणि खेळायचं ते आपल्या गावाकडून, जन्मभर.

शनिवारी डेकलननी आम्हाला गाडीने निझवाला नेलं. दोन तासांचा गुळगुळीत रस्ता आहे, बसनेही दोन-तीन रियालांत जाता येतं. किल्ला सुंदर आहे. बाजारात हलवा चाखायला फुकट देतात, पण मग न घेता निघायची लाज वाटते.

जेवायला मल्याळी हॉटेलात बसलो, तेव्हा डेकलननी सांगितलं की उद्या त्यांच्या गावचा संघ फायनल खेळणार आहे, बावीस वर्षांनी. रजा मंजूर होती, तिकीट काढलेलं होतं. पण मस्कतच्या संघातून खेळण्यासाठी त्यांनी एका फॉर्मवर सही केली होती, आणि त्या सहीने त्यांचं नाव गावच्या क्लबातून इकडे आलं होतं. परत नेण्याची मुदत कधीच टळून गेली होती, त्यामुळे गावाकडून खेळता येणार नव्हतं.

“वाचलंच नाही मी,” ते म्हणाले. “मला वाटलं, गाव कुठे जातंय?”

नुसतं बघायला तरी जा, असं मी सुचवलं. काठावर उभं राहून बघवणार नाही, म्हणाले. तिकीट रद्द केलं होतं. मला फार वाईट वाटलं. संतोषने पाच वर्षांत शिमग्याच्या पालखीला खांदा दिलेला नाही. तो मान खाली घालून भात कालवत राहिला.

रविवारी संध्याकाळी डेकलनच्या घरी लॅपटॉपवर रेडिओचं समालोचन लावलं. ते उच्चार मला कळेनात, म्हणून मी त्यांचा चेहरा बघत होतो. शेवटच्या मिनिटाला गाव एका गुणाने जिंकलं. डेकलननी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि मग ते खाली फरशीवर बसून रडायला लागले. तेवढ्यात मैदानातून त्यांच्या आईचा फोन आला. त्यांनी फोन संतोषच्या हातात दिला.

“मम्मी, सर ओके,” संतोष म्हणाला. “ओन्ली क्रायिंग. नो टेन्शन. नेक्स्ट टाइम सर प्लेइंग, इन्शाल्ला.”

चिपळूणला परतलो. हलवा दोन दिवसांत संपला, किल्ल्यांचे फोटो सगळ्यांना दाखवून झाले. मग जानेवारीत संतोषचा फोन आला. डेकलननी नाव परत गावच्या क्लबात नेलं. म्हणजे मस्कतच्या संघाकडून आता सामना खेळता येत नाही. शुक्रवारी ते इतरांना शिकवतात, बाहेर गेलेले चेंडू आणून देतात. वय पस्तीस, त्यात गुडघा सुजतो.

मी म्हटलं, अरे, पुन्हा फायनल कधी येणार, आणि तोवर यांना खेळता तरी येईल का?

“ते काय मला ठाव नाय,” संतोष म्हणाला. “नाव गावात हाय ना, बास.”