मामीनं वाचवलेल्या नायिका

मराठी कादंबऱ्यांतल्या जितक्या नायिका लेखकांनी मारल्या, तितक्या साऱ्या आमच्या सौसरच्या मामीनं एकटीनं जगवल्या. वाचनालयातून जुनी, गाजलेली कादंबरी आणायची, चुलीपाशी बसून संपवायची आणि दुपारी अंगणात गल्लीतल्या बायांना सांगायची, हा तिचा नेम. सुट्टीत मीही तिथं पायरीवर बसून ऐकत असे. सांगताना लेखकाचं काही चालत नसे. क्षयानं खंगलेली नायिका मामीच्या हाती लागली की नागपूरच्या दवाखान्यात बरी होई. नवऱ्यानं टाकलेली पांढुर्ण्याहून गाडी धरून नर्स व्हायला जाई. आणि घरादारासाठी उपाशी राहणारी साध्वी सर्वांच्या आधी ताट वाढून पोटभर जेवून घेई. शेजारचे निवृत्त हेडमास्तर एकदा कुंपणापलीकडून कळवळून म्हणाले, "अहो वहिनी, ती शेवटी विहिरीत जीव देते हो!"

"तुमच्या पुस्तकात देत असन, गुरुजी. माह्या अंगणात कोणी जीव नाही देत."

गल्लीत पहिला टीव्ही आला तेव्हा तशाच एका कादंबरीवरची मालिका लागली. तिच्यातली नायिका नव्या काळाची म्हणून फार गाजावाजा होता. मामीनं भरल्या खोलीत थोडा वेळ ते रडणं सोसलं आणि उठून बटणच बंद केलं. "कहाणी नवी म्हणते, अन् बाई जुन्यावानीच रडून राहिली! काजळ तेवढं फिसकटत नाही." टीव्हीच्या मालकाचीही बटणाला हात लावायची छाती झाली नाही.

ऐकणाऱ्यांत समोरच्या घरची शकुन असे. बोरगावच्या सासरहून माहेरी परतलेली, कोपऱ्यात मुकी बसणारी. एका दुपारी तिचा सासरा थेट मामीच्या अंगणात आला.

"चाल, पोरी. लोकं हसून राहिले."

मामी पदर खोचायच्या आत शकुनच उभी राहिली. "मी नाही येत, मामाजी. मले मॅट्रिकले बसाचं हाये."

सासरा मामीकडे वळला. "हे तुम्ही शिकवलं?"

"नाही बाप्पा," मामी खरोखरच गोंधळली होती, "माह्या गोष्टीतली बाई तर नर्स होते!"

सासरा एकटाच परत गेला. शकुन मॅट्रिक झाली, पुढे मोहगावच्या शाळेत मास्तरीण लागली. ती बसनं गेली त्या दुपारी बाया नेहमीसारख्या जमल्या. मामी मात्र पुस्तक न उघडता संत्री सोलत, एकेकीच्या हातावर फोडी ठेवत राहिली.

"सांगा ना, मामी," कोणीतरी म्हणालं.

"आज नाही." मग पुढचं संत्रं हाती घेत, कुणाकडेच न बघता ती म्हणाली, "मलेही चौथीच्या पुढं शिकाचं होतं. बाबा म्हणे, काहाले?"

आणि साली पदरात गोळा करून ती आत गेली.