नेहमीएवढं मीठ

पाचोडच्या अलीकडं आमची वाडी. इथल्या बोअरचं पाणी इतकं खारं, की पाहुणा पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करायचा आणि आम्हाला त्याचं हसू यायचं. आम्हाला ते खारं लागतच नव्हतं.

कस्तुराबाई माझी शेजारीण. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. आवाज असा, की शिवारापलीकडं गेलेलं मेंढरू मुकाट परत फिरायचं. तिच्या नवऱ्याला, मल्हाररावांना, मुतखड्यानं दोनदा आडवं पाडलं. डॉक्टर म्हणाले, आधी पाणी बदला. त्याच साली एका संस्थेनं पंचायतीच्या खोलीत खाऱ्याचं गोडं करणारं मशीन बसवलं. ते चालवायला माणूस हवा म्हटल्यावर कस्तुराबाई सगळ्यांच्या आधी उभी राहिली. अट एकच होती: तीन महिन्यांत साठ घरांनी पाण्याचं कार्ड घ्यायचं, नाहीतर मशीन दुसऱ्या गावाला जाणार.

अडीच महिने सरले आणि घरं झाली अकरा.

"मावशे, तुझ्या पाण्यात दम नाय. सैपाक अळणी व्हतो," बाया सांगायच्या. मीही पंचायतीच्या दारावरून जाताना एक पेला पिऊन नाक मुरडायचो, नाही असं नाही. कस्तुराबाई भडकायची. "खाऱ्याची सवय लागलीय जिभंला! बहाणे नका सांगू मला." मल्हाररावांसाठी मात्र ती रोज एक कळशी घरी न्यायची. पण प्यायला तेवढीच. स्वैपाक बोअरच्या पाण्यात. इतकं चांगलं पाणी चुलीवर कोण आटवतं?

मग तिच्या नातीचं बारसं आलं. मशीन जायला आठ दिवस उरले होते. सगळ्या वाडीला वरण-बट्टीचं जेवण, आणि या खेपेला कस्तुराबाईनं हट्टानं मशीनच्याच पाण्यात डाळ शिजवली. "आज खाऊन बघाच," तिनं ठणकावलं.

पंगत बसली. पहिला घास पोटात गेला आणि दुसऱ्यासाठी हात आखडले. शेवटी सरपंच आप्पासाहेब खाकरले. "मावशे, आता तरी पटलं का? लई अळणी झालंय." बाया पदराआड हसल्या. कस्तुराबाई पळी हातात धरून तशीच उभी राहिली. तिचं तोंड इतकं उतरलं, की मला माझीच लाज वाटली.

मल्हारराव हळूच म्हणाले, "अगं, मीठ टाकलं का?"

"टाकलं की. नेहमीएवढं."

एवढं बोलली आणि थांबली. पातेल्याकडं बघितलं, मग अंगणातल्या बोअरच्या नळाकडं. आणि जी हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"अगं बायांनो, आपलं नेहमीचं मीठ अर्धंच! बाकीचं अर्धं बोअर टाकत व्हतं!"

तिनं ओंजळभर मीठ पातेल्यात टाकलं, ढवळलं आणि पुन्हा वाढलं. मी बट्टी कुस्करली. तुरीच्या डाळीची खरी चव मला पन्नाशीत कळली, खोटं कशाला सांगू? पंगतीत भुरके सुरू झाले. सगळ्यात जास्त टोमणे मारणाऱ्या आक्काबाईनं डाळ बोटानं चेपून बघितली.

"किती सोडा घातला गं? लोण्यावानी शिजलीय."

"चिमूटभर बी नाय."

आमच्या खाऱ्या पाण्यात सोड्याशिवाय डाळ शिजत नसे. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या, आणि आक्काबाईनं ताट संपायच्या आधीच विचारलं, कार्ड कुठं मिळतं म्हणून.

आठव्या दिवशी संस्थेचे साहेब मशीन न्यायला टेम्पो घेऊनच आले. यादीत चौसष्ट घरं होती. त्यांनी ती दोनदा वाचली. "बाई, आठ दिवसांत एवढ्या लोकांना समजावलंत तरी काय?"

"मीठ टाका म्हणलं, सायेब."

साहेबांना काही उमगेना. आम्ही सगळे पोट धरून हसलो. टेम्पो रिकामाच परत निघाला. ओट्यावर बसलेल्या मल्हाररावांनी हातातला तांब्या घटाघटा संपवला आणि बायकोपुढं धरला.

"भर अजून एक," ते म्हणाले. "आता कुठं पळून जातंय?"