शिरीषच्या गाडीतली बाई

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. रोज त्याच गाडीत, त्याच सीटवर, त्याच माणसांबरोबर बसलं की ते आपोआप साठतात. घरात प्लॅस्टिकचे डबे साठतात ना, तसे. कुणाकडून काय घालून आले आठवत नाही, झाकणं कुणाची कुणाला बसवलेली, पण टाकायचं म्हटलं तर टाकवत नाहीत! आमच्याकडचे तर सगळे किस्से एकाच बाईचे आहेत. आणि त्या बाईला आमच्यापैकी कुणी आयुष्यात कधी पाहिलेलं नाही.

गाडी शिरीषची. तो सिंगापूरला मरीन परेडला राहतो. त्याच्याच ब्लॉकमधले गायकवाड सर पुढच्या सीटवर. मी बिशानला चढते आणि मागची अख्खी सीट माझी! तिघंही तुआसला एकाच कंपनीत. सर पूर्वी नागपूरला कॉलेजात शिकवायचे, आता आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटला आहेत. म्हणजे जगात कुठे काय चुकलंय ते शोधणं हीच त्यांची नोकरी.

पहिल्या दिवशी गाडीत बसले, तर स्पीकरवर कुणी अमेरिकन बाई गात होती. गिटार, व्हायोलिन, मधेच एक हुंदका. कंट्री म्युझिक! मी आपली डोंबिवलीची, माझा कंट्रीशी काय संबंध? पण आयती लिफ्ट मिळतेय म्हटल्यावर नाक कशाला मुरडा? म्हटलं, "वा! काय आवाज आहे!"

शिरीषनं लगेच आवाज वाढवला.

मग रोज तेच. रोज मी "वा" म्हणायचे, रोज तो आवाज वाढवायचा, रोज सर मान डोलवायचे. माझं डोकं ठणकायला लागलं, पण बोलणार कोण? शेवटी एकदा सरांनाच राहवेना. "शिरीष, राग मानू नकोस. पण तुला ही बाई एवढी का आवडते?"

शिरीषनं सिग्नलला ब्रेक मारला आणि आळीपाळीनं आम्हा दोघांकडं बघतच राहिला. "मला? अहो, मला तर ही डोक्यात जाते! मला वाटलं तुम्हा दोघांना आवडते!"

मग सगळं बाहेर आलं. गाडी सेकंडहँड. आधीच्या मालकाची सीडी प्लेअरमध्ये अडकलेली, ती काही केल्या निघत नाही. रेडिओ लागत नाही. गाडी सुरू झाली की बाई सुरू! आवाज अगदी तळाला नेला तरी ती कुजबुजते.

"अरे, मग वाढवायचास कशाला?"

"तू वा म्हणायचीस ना!"

*

"प्लेअर बदलून टाक की," असं मी सांगून बघितलं. पण शिरीषचं गणित पक्कं. सिंगापूरमध्ये गाडी तुमची असली तरी ती रस्त्यावर ठेवायचा परवाना दहा वर्षांचाच. त्याला म्हणतात सीओई. मुदत संपली की पुन्हा भरमसाट पैसे मोजा, नाहीतर गाडी भंगारात. "सीओई संपेपर्यंत गाडी चालवायची," शिरीष म्हणाला, "तिचे लाड नाही करायचे!"

त्याची मुलगी ओवी एकदा गाडीत होती. ती इथंच वाढलेली, त्यामुळे बोलण्यात सिंगापुरी 'लाह' हमखास. दोन ओळी ऐकून तिनं फोन काढला. "पपा, हे एकाच सिंगरचे ग्रेटेस्ट हिट्स आहेत. शी वॉज सो फेमस लाह! हिचं नाव..."

"सांगू नकोस!" सर ओरडले. "नाव कळलं की ओळख वाढते!"

म्हणून ती बाईच राहिली.

*

पण ओळख वाढायची ती वाढलीच. आम्ही अंतर गाण्यांत मोजायला लागलो. बिशानला बाईचं लग्न ठरलेलं असतं. बुकित तिमाहला नवरा दारू प्यायला लागतो. जुरोंगला ती एकटी पडते आणि तुआसच्या गेटशी तिला देव आठवतो. एकदा पावसानं असा काही जॅम लागला की अख्खी सीडी संपून परत पहिल्यापासून सुरू झाली. मीटिंगला उशीर झाला. मॅनेजरनं कारण विचारलं, तर सर खरं तेच बोलले. क्वालिटीची सवय!

"त्या बाईचं दुसऱ्यांदा लग्न झालं, तरी आम्ही अजून बुकित तिमाहलाच होतो."

मॅनेजर बिचारा चिनी, मर्यादशील माणूस. त्यानं "कॉन्ग्रॅच्युलेशन्स" म्हटलं आणि मीटिंग सुरू केली.

*

आता सातवं गाणं. ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण त्यावर आहे. नवऱ्यानं बाईची बॅग भरून दारात ठेवलीय आणि बाई म्हणते, मी नाही जाणार, "आय वोन्ट गो!" आमच्या गाडीत तिथं सीडी अडकायची. "आय वोन्ट, वोन्ट, वोन्ट, वोन्ट गो!" मग पुढं सरकायची. आम्हाला वाटायचं, गाणंच तसं आहे. काय ठसका आहे बाईचा! आम्ही तिघंही त्या "वोन्ट"वर माना झटकत साथ द्यायचो.

कंपनीच्या वार्षिक जेवणाला कराओके होतं. चार पेग पोटात गेलेले लोकही ज्या सरांशी बोलायला घाबरतात, ते सर उठले आणि त्यांनी हेच गाणं लावलं. हॉल गार! सर गातही होते झकास. आणि ती जागा आली.

"आय वोन्ट, वोन्ट, वोन्ट, वोन्ट..."

मान झटकून झटकून! पडद्यावरचे शब्द कधीच पुढं निघून गेले. आमच्या टेबलावरून मी आणि शिरीष "वोन्ट वोन्ट" करत मदतीला धावलो. गाणं संपलं तेव्हा सरांचं अजून एक कडवं शिल्लक होतं. मशीननं मार्क इतके कमी दिले की लोक हसून लोळले.

सर शांतपणे माईक ठेवून आले. म्हणाले, "मशीनचं कॅलिब्रेशन चुकलंय."

*

शिरीषचे वडील गेले आणि मिरजेच्या घरी आई एकट्या राहिल्या. शिरीषनं मिनतवाऱ्या करून त्यांना इकडं आणलं. चांगी एअरपोर्टवर मीही गेले होते. आई पुढच्या सीटवर, पर्स छातीशी धरून. शिरीष दाखवतोय, "आई, समुद्र बघ. आई, जहाजं बघ." आईंचं हूं नाही की चूं नाही. नवरा गेल्यापासून त्यांनी बोलणंच टाकलं होतं.

आणि सातवं गाणं लागलं. "वोन्ट, वोन्ट, वोन्ट, वोन्ट..."

आईंनी मान वर केली. "कुणाशी भांडतेय रे ही?"

"नवऱ्याशी. तो म्हणतोय जा, ही म्हणतेय नाही जाणार."

आई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. घर हिनं मांडलं, आणि जायचंही हिनंच का?"

शिरीषनं डोळे पुसले आणि आवाज वाढवला. मी "वा" म्हटलेलं नसताना!

त्या दिवसापासून आई बोलायला लागल्या. आणि बोलायच्या ते फक्त बाईबद्दल. इंग्रजीचा गंध नाही, पण प्रत्येक गाण्याची गोष्ट त्यांना पाठ. दर रविवारी शिरीषनं त्यांना गाडीतून ईस्ट कोस्टला एक चक्कर मारून आणायची. समुद्रासाठी नाही हो, बाईसाठी!

*

एकदा बिशानला आमच्या ब्लॉकमध्ये एक बारसं होतं. आई बायकांच्या घोळक्यात रंगात आल्या होत्या. "आमच्या बाईंनी फार सोसलंय हो. दोन संसार मोडले, पण ताठ मानेनं राहिल्या."

"कोण बाई?" कुणीतरी विचारलं.

"शिरीषच्या गाडीत असतात ना, त्या. रोज सकाळी त्याच्याबरोबर तुआसला जातात."

पाळण्याची दोरी ओढणारा हात थांबला. बाळानं भोकाड पसरलं. सगळ्या बायकांनी हळूच प्राचीकडं पाहिलं. प्राची म्हणजे शिरीषची बायको. ती शांतपणे सुंठवडा वाटत होती.

"हो, मला माहीत आहे की," ती म्हणाली. "सीओई संपली की जाईल."

*

आणि सीओई संपत आली हो!

नव्या गाडीचं नाव काढायची सोय नव्हती, आम्ही सगळे आता बसनं आणि एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, जाणार होतो. शिरीषनं घरी सांगितलं, तर आई म्हणाल्या, "गाडी जाऊ दे. बाईला तेवढं खाली उतरवून घ्या. ती जाणार असेल तर माझंही मिरजेचं तिकीट काढ. मी तरी इथं कुणासाठी राहू?" आणि कपाटावरची बॅग खाली काढून हॉलमध्ये ठेवली.

ओवी म्हणाली, "आजी, फोनवर सगळं आहे! सो इझी!" तिनं गाणं लावून दिलं. बाई आली, "आय वोन्ट गो" म्हणाली आणि सरळ पुढं गेली.

"ही ती नव्हे," आई म्हणाल्या.

"आजी, सेम सिंगर लाह!"

"ही एकदाच नाही म्हणाली. बाईमाणसानं एकदा नाही म्हटलेलं कुणी ऐकतं का?"

दुसऱ्या दिवशी गाडीत शिरीष रडकुंडीला आला होता. "मेधा, आई तिकडं गेली की दार लावून एकटी बसेल. परत बोलणं बंद. मला ते नकोय गं."

सरांनी प्लेअरवर टिचकी मारली. म्हणाले, "निदान झालं. मूळ गाण्यात ते नाही. म्हणजे आपल्या सीडीवर ओरखडा आहे. म्हणजे सीडी मिळालीच पाहिजे." कराओके मशीनची मात्र त्यांनी अजून माफी मागितलेली नाही.

*

गाडी भंगारात द्यायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं एका गॅरेजात गेलो. तिथला मेकॅनिक अंकल आमच्याकडं बघतच राहिला. "कार स्क्रॅप, सीडी कीप? ऐयो, व्हाय लाइक दॅट?"

त्यानं डॅशबोर्ड उचकटून प्लेअर उघडला. आणि आतून एकेक वस्तू बाहेर काढायला लागला. चॉपस्टिकचा तुकडा. तो सरांचा. ओवीची केसांची पिन. माझी नेलफाइल! सीडी उकरताना आत राहिलेली आणि मी ती घरभर शोधली होती. आणि सगळ्यात शेवटी अर्धी उदबत्ती.

"ही कुणी घातली?" मी विचारलं.

शिरीष लाजून म्हणाला, "आईनं. बाईला आत गुदमरत असेल म्हणून."

त्या सगळ्या कचऱ्याखालून सीडी निघाली. सरांनी ती रुमालात गुंडाळली आणि मांडीवर धरून घरी आणली. दुसऱ्या दिवशी गाडी गेली, प्लेअरसकट. आम्ही हात हलवून टाटा केला आणि बसस्टॉपवर जाऊन उभे राहिलो.

*

रविवारी दुपारी सगळे शिरीषच्या घरी. सरांनी त्यांच्याकडचा जुना सीडी प्लेअर आणलेला, रिमोटसकट. आईंची बॅग अजून हॉलमध्येच. आई खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर. सीडी सुरू झाली. बाईचं लग्न झालं. नवरा पिऊ लागला. आई डोळे मिटून मान हलवत होत्या. प्राचीनं मला कोपरानं ढोसलं, की जमलं बहुतेक!

सातवं गाणं आलं. आम्ही तिघं सवयीनं तयारच होतो. मान झटकून जोरात, "आय वोन्ट, वोन्ट..."

बाई अडकलीच नाही! "आय वोन्ट गो" म्हणाली आणि गेली की पुढं! आम्ही तिघं हॉलच्या मधोमध तोंडं उघडी टाकून उभे.

सर पांढरेफटक पडले. "म्हणजे दोष सीडीत नव्हता," ते पुटपुटले. "प्लेअरमध्ये होता." आणि प्लेअर गेला होता भंगारात.

शिरीषनं बॅगेकडं पाहिलं.

आईंनी डोळे उघडले. "ओवी, थांबव गं तिला."

ओवीनं रिमोटचं बटण दाबलं.

"आपली माणसं मागं राहिली की!" आई म्हणाल्या. मग आमच्याकडं वळल्या. "हं, म्हणा तुम्ही. अर्धवट सोडू नका."

आम्ही तिघांनी, वयानं घोडे झालेल्यांनी, रांगेत उभं राहून म्हटलं, "वोन्ट, वोन्ट, वोन्ट."

"हं. आता सोड तिला."

बाई पुढं गायला लागली. शिरीष चाचरत म्हणाला, "आई... ते तिकिटाचं..."

"कसलं तिकीट?" आईंनी हात पुढं केला. "हिला रोज इथं थांबवायला कुणीतरी नको का? ओवी, दे तो रिमोट इकडं."